घाटकोपरचा डंका आणि विखुरलेली गल्ली

चाकरमानी वर्षातून दोनदा कोकणात येतात, गणपतीला आणि मे महिन्यात. आपण त्यांच्याकडे फारसे जात नाही. गेलो तर लग्नाला, नाहीतर दवाखान्यासाठी. यंदा होळीनंतर मी कुडाळहून मुंबईच्या उपनगरांत गेले, ती माझी मामेबहीण सुलभाताई हिचा धंदा पाहायला. फोनवर ती म्हणाली होती, "येतंस तर आताच ये गो विजू. पुढल्या वर्साक काय उरतला, माका म्हायत नाय."

जिल्ह्याच्या दैनिकात बातम्या लिहिण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे पाहिलं तेवढंच लिहिण्याची सवय आहे. नातं मध्ये येऊ दिलेलं नाही. जिथे अभिमान दिसेल तिथे तो पाहिलेल्या गोष्टीचा आहे, असं समजावं.

घाटकोपर, गुरुवार

सुलभाताईचा मसाल्याचा डंका आहे. भटवाडीच्या चढावर एका चाळीच्या तळमजल्याला, रस्त्याकडे तोंड करून. जमिनीत पक्की बसवलेली लोखंडी उखळं आणि त्यांत विजेवर वर-खाली आपटणारी लोखंडी मुसळं. आत पाऊल टाकलं की आधी शिंक येते, मग डोळ्यांत पाणी. तिच्या सासऱ्यांनी तो ते कामाला असलेली कापडगिरणी बंद पडल्यावर घेतला. सासरे गेले आणि डंका सुनेकडे आला.

आपल्याकडे बायका डंक्यावर पिशवी ठेवतात आणि बाजार करून येतात. इथे तसं नाही. इथे मिरची घरून भाजून आणायची, उखळात पडेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही आणि मसाला चाळून डब्यात येईपर्यंत समोरून हलायचं नाही. मालवणी, घाटी, आगरी, सगळ्या बायका या बाबतीत सारख्याच. हा अविश्वास असावा असं मला पहिल्यांदा वाटलं. सुलभाताईने ते खोडून काढलं. "त्या माझ्यावर नजर ठेवूक बसनत नाय गो. बसाक मिळता म्हणान बसतत." वर्षभराच्या मसाल्याबरोबर इथे वर्षभराच्या बातम्याही कुटल्या जात, हे मला तासाभरात कळलं.

गिऱ्हाइकाला निरोप देण्याची पद्धत मात्र बदलत गेली. सासऱ्यांच्या काळात निरोप लागतच नसे. होळी झाली, डंक्याचा आवाज सुरू झाला, गल्लीला कळलं. पुढे गल्ली वाढली तसा गणेशोत्सव मंडळाच्या नाक्यावर फळा आला. मग शेजारच्या वाण्याचा फोन. मग मोबाइल आले आणि मिस कॉलची वर्षं सुरू झाली. "एक रिंग म्हणजे तुझा नंबर इलो," सुलभाताईने सांगितलं. "उचलूचो नाय. जी उचली ती ओरडा खाय." आता व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. त्यावर सकाळच्या फुलांचे फोटो टाकायला बंदी आहे आणि ती कोणीच पाळत नाही.

ग्रुप आहे, गल्ली मात्र उरलेली नाही. चाळ पुनर्विकासाला गेली आहे. बहुतेक कुटुंबं भाड्याने बाहेर पडली, कोणी मुलुंडला, कोणी अंधेरीला, कोणी थेट बोरिवलीला. वरच्या मजल्यांवर दारं आहेत, पण त्यांना कुलपं. डंक्याची खोलीही महिनाअखेर रिकामी करायची आहे. मुलुंडला औद्योगिक वसाहतीत एक गाळा आहे. त्याचे मालक भानुभाई यांनी तो रविवार दुपारपर्यंत धरून ठेवला आहे. दुसरीकडे नाशिकचा एक माणूस डंका उचलून न्यायला तयार आहे आणि त्याचा टेम्पो सोमवारी येणार आहे.

रात्रीच्या जेवणाला बांगड्याचं तिखलं, भात आणि मी नेलेल्या सोलांची कढी होती. सुलभाताईचे यजमान दत्ताराम भावोजी विमानतळावर सामान हलवण्याच्या कामावर आहेत. डंका नाशिकवाल्याला देऊन टाकावा, असं त्यांचं मत.

"मुलुंडाक डंको आपटतलो आणि ऐकतलो कोण?" ते म्हणाले. "गिऱ्हाईक बोरिवलीक, डंको मुलुंडाक. पुडीतलो मसालो तेंका दारात मिळता."

"पुडीतलो मसालो तुमी खाशात?" सुलभाताईने विचारलं.

भावोजींनी तिखलं पुन्हा वाढून घेतलं.

उत्तर त्यांच्या मुलीकडे होतं. रूपाली अंधेरीच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करते. तिचं म्हणणं, गिऱ्हाईक येत नसेल तर मिरची आणायची. शनिवारी घरोघरून डबे गोळा करायचे, कुटताना ज्याच्या त्याला व्हिडिओ कॉल लावायचा आणि संध्याकाळपर्यंत मसाला घरी पोचवायचा. "म्हणजे समोर बसल्यासारखंच झालं ना, मम्मी! एक शनिवार करून बघू. झकास झालं तर गाळा घे. नाही झालं तर नाशिक आहेच."

ठरलं ते असं. सासऱ्यांचा डंका राहणार की जाणार, ते एका शनिवारवर.

आरेमार्गे बोरिवली, शुक्रवार

बोरिवलीला परबबाई राहतात. चाळीत त्या सुलभाताईच्या समोरच्या दारात होत्या. त्यांची मिरची मिळाली तर बाकीच्यांची मिळेल, असा सुलभाताईचा हिशेब. आम्ही पवईवरून बस घेतली. ती आरे कॉलनीतून जाते. मुंबईत आहोत हे विसरायला लावणारा हा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना गर्द झाडी, मध्येच म्हशींचे गोठे, आत वळणाऱ्या पाड्यांच्या पायवाटा. एका थांब्यावर हातात अळूच्या जुड्या घेतलेली एक बाई चढली आणि कंडक्टरशी आधी पानांचा भाव बोलली, मग तिकिटाचं. एक जुडी त्याने डब्याच्या पिशवीत ठेवली. धंदा कुठेही उभा राहतो.

परबबाईंचं भाड्याचं घर उंच इमारतीत आहे. बाल्कनीत चादरीवर मिरच्या वाळत होत्या. बाईंनी घावणे आणि चहा केला आणि लगेच तक्रार सांगितली.

"काल मिरची भाजली, तर खालच्या मजल्यावरच्या बाईने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, कुठून तरी विषारी धूर येतोय म्हणून! अगो, चाळीत खोकला आला की लोक विचारीत, मसालो कधी देतंस? इथे खोकला थेट ग्रुपवर!"

"मगे तुमी काय केलात?" सुलभाताईने विचारलं.

"काय करतलंय? खिडक्यो बंद केलंय आणि मीच खोकलंय."

मिरची द्यायला मात्र त्या तयार नव्हत्या. मिरची आपल्या डोळ्यांसमोर कुटली जायला हवी, फोनमध्ये दिसते ती आपलीच कशावरून? सुलभाताईने आग्रह केला नाही. ती एवढंच म्हणाली, "ह्या वर्साक तरी द्या. पुढल्या वर्साक मागूक मी असन काय नाय, माका म्हायत नाय." परबबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी स्टीलचा मोठा डबा आणला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठ मारून बांधलेला. गाठीला नावाची चिठ्ठी टाचली. डबा देताना त्यांचा हात क्षणभर त्यावरच राहिला, हे मी नोंदवते.

अंधेरी, शनिवार सकाळी

रूपालीने एक छोटा टेम्पो ठरवला होता. मुलुंड आटोपून आम्ही अंधेरीला पोचलो. इथे पवारकाकू राहतात. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, चाळीत परबबाईंच्या भिंतीला भिंत लावून होत्या.

त्यांच्या इमारतीच्या फाटकावर आम्ही अडकलो. वॉचमनच्या हातात फोन होता आणि त्यात येणाऱ्या माणसाचा प्रकार निवडावा लागत होता. सामान पोचवणारे, टॅक्सी, कामवाली, पाहुणे. सामान पोचवायला नाही, न्यायला आलोय, हे त्या फोनमध्ये बसत नव्हतं.

"मॅडम, क्या डालूँ?" वॉचमनने विचारलं.

रूपालीने पवारकाकूंना फोन लावला. आवाज असा आला की वॉचमनलाही ऐकू गेला. "अगं, पाहुणे टाक म्हणावं त्याला! माझ्या दारात सुलभीची पोरगी येती ती डिलिवरी व्हय?"

आम्ही पाहुणे म्हणून वर गेलो. पाहुणे म्हटल्यावर पोह्यांशिवाय सुटका नव्हती. काकूंनी डबा दिला, फडक्यात बांधलेला, चिठ्ठी टाचलेला. "काळा मसालाय माझा. लाल मिरच्यांत मिसळू नकोस. आन् फोन लाव नक्की, न्हाईतर मी तिथं येऊन बसते बघ."

घाटकोपर, शनिवार दुपारी

डंका सुरू झाला. मी कोपऱ्यात उभी राहून पाहिलं. रूपालीने फोन एका काठीला बांधून उखळासमोर धरला होता. एकेक गिऱ्हाईक पडद्यावर यायचं आणि आपल्या मिरचीवर लक्ष ठेवायचं. मुसळांच्या आवाजात त्यांचे आवाज मिसळत होते.

"जाड राहिलंय की!" अंधेरीहून पवारकाकू. "आणखी एक फेर मार. हात आखडू नकोस!"

"काकू, बारीकच आहे. तुमच्या फोनला चष्मा लावा," सुलभाताई.

"चष्मा माझा घाटकोपरलाच राहिला, तुझ्या डंक्यावर!"

बोरिवलीहून परबबाईंनी आपला पूर्ण घाणा, म्हणजे उखळात एका वेळी पडणारा सगळा माल, डोळे न हलवता पाहिला. शेवटी म्हणाल्या, "बरा आसा. पण शिंक येवक नाय." एवढी एक उणीव त्यांनी काढली.

संध्याकाळ व्हायच्या आत डबे दुचाकीवाल्यांच्या हाती रवाना झाले. रूपालीने आईला टाळी दिली. भावोजींनीही कामावरून आल्यावर चहा घेताना विचारलं, "सगळे पोचले?" त्यांच्या परीने ते कौतुक होतं.

मग फोन वाजला. पवारकाकू. ओरडणाऱ्या बाईंचा आवाज या वेळी बारीक होता.

"सुलभे, परबीणीने माझा डबा परत का गं पाठवला?"

कोणालाच अर्थ लागेना. काकूंनी सांगितलं ते असं. आलेल्या डब्यावर नाव कोरलेलं होतं, 'सौ. शालन पवार यांजकडून सप्रेम भेट'. तो डबा त्यांनीच परबबाईंच्या लेकीच्या लग्नात दिला होता. तो तसाच आपल्या दारात आलेला पाहून त्यांना वाटलं, शेजार सुटला तसा परबीणीने आहेरही परत केला. त्या बराच वेळ रुसून बसल्या होत्या. शेवटी झाकण उघडलं तर आत लाल मालवणी मसाला.

रूपालीच्या लक्षात आलं. घडलं होतं ते साधं होतं. फडकी मिरचीच्या पुडीने माखली म्हणून तिने सगळी सोडून बाहेर झटकली होती. चिठ्ठ्या फडक्यांना होत्या, डब्यांना नव्हत्या. नंतर तिने डब्यांवर कोरलेली नावं वाचून डबे लावले. बाकीचे बरोबर लागले, कारण त्यांवर ज्यांच्या त्यांच्या घरातलीच नावं होती. या एका डब्यावर देणाऱ्याचं नाव होतं. आणि उरलेला एक, पवारकाकूंचा काळा मसाला, बोरिवलीला गेला. आपल्या घरांत भांड्यावर कोरलेलं नाव मालकाचं असतं की आहेर देणाऱ्याचं, हे घरच्या बाईलाच माहीत असतं. हे रूपालीलाही ठाऊक आहे. घाईत ती विसरली.

"आता तरी कळला?" भावोजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "नाशिकवाल्याक हो म्हणून सांगतंय."

रूपालीने मार्ग सुचवला. दोघींना खासगीत सांगू, गुपचूप डबे बदलू, ग्रुपवर कळायची गरज नाही. तिच्या कंपनीत असंच करतात, असं ती म्हणाली. माझ्या धंद्यातही फार वेगळं नाही. आम्ही चूक छापतो पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या पानावर, बारीक अक्षरांत.

सुलभाताईने फोन हातात घेतला आणि ग्रुपवर, सगळ्यांसाठी, आपल्या आवाजात निरोप ठेवला. तो मी तिच्या परवानगीने देते.

"सगळ्यांना नमस्कार. सुलभा बोलतेय डंक्यावरून. आज आमच्याकडून चूक झाली. परबबाईंचा मसाला पवारकाकूंकडे गेला आणि काकूंचा परबबाईंकडे. आपली मिरची दुसऱ्याच्या हातात देताना तुमचा जीव वर-खाली होतो, मला माहीत आहे, आणि तेच घडलं. उद्या संध्याकाळी मी स्वतः दोन्ही डबे बदलून देईन. दुपारी मी मुलुंडला गाळ्यावर जातेय, नको म्हणून सांगायला. इतकी वर्षं आलात, बसलात, बरं वाटलं. कोणाची मिरची राहिली असेल तर कुठल्याही डंक्यावर द्या, पण समोर बसून कुटून घ्या."

खुणा निळ्या होत गेल्या. निरोप सगळ्यांनी ऐकला. उत्तर एकाचंही आलं नाही. फुलांचे फोटो टाकणारेसुद्धा गप्प होते.

मुलुंड, रविवार

मुलुंडची औद्योगिक वसाहत रविवारी शांत असते. बहुतेक गाळ्यांची शटरं खाली होती. बाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला, म्हणजे मी घेतला. सुलभाताईने कप हातात धरला आणि तसाच परत ठेवला. "सासऱ्यांनी शेवटाक सांगितल्यानी होता," ती म्हणाली, "जमना नाय तर इकून टाक, पण डंको भंगारात देव नको." आम्ही आत वळलो.

गाळ्यासमोर गर्दी होती. मला आधी वाटलं भांडण झालं आहे. भानुभाई मध्यभागी, त्यांच्याभोवती बायका. त्यांत बहुतेक जणी गल्लीतून मुलुंडला राहायला गेलेल्या होत्या, आणि अंधेरीच्या पवारकाकू, आणि बोरिवलीच्या परबबाई. पत्ता रूपालीनेच आदल्या आठवड्यात ग्रुपवर टाकला होता. दोघींच्या पायाशी एकेक डबा. डबे त्यांनी आपापसांत केव्हाच बदलून घेतले होते.

"आहेर परत करतेस काय गं माझा?" पवारकाकू परबबाईंना म्हणत होत्या.

"परत करूक आधी आहेर तसो होयो! झाकण पहिल्या दिवसापासून सैल," परबबाई म्हणाल्या. "आणि तुजो मसालो मी चाखून बघितलंय. मीठ जास्त."

"चाखलास? दुसऱ्याचा मसाला?"

"मगे! डबो माझ्या घरात, मसालो कोणाचो?"

दोघी हसत होत्या. बाकीच्या गाळा तपासत होत्या. एकीने नळ सोडून पाहिला. दुसरीने सावली कुठपर्यंत येते ते पायाने आखलं. तिसरी भानुभाईंना विचारत होती की गच्ची कोणाची, मिरच्या वाळत घातल्या तर चालेल का, आणि कबुतरं आहेत का. भानुभाई तिघींना एकदम उत्तरं देत होते. सुलभाताई दिसली तसं त्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं.

"सुलभाबेन, हे सगळा लोक कोण आहे? मी गाळा तुमाला दाखवला, यांना नाय दाखवला."

"गिऱ्हाईक आहेत," सुलभाताई म्हणाली.

पवारकाकू पुढे आल्या. "काल बोललीस ते ऐकलं. मग सगळ्यांनी एकमेकींना फोन केले, ग्रुपवर न्हाई. ग्रुपवर तू ऐकलं असतंस. आता ऐक. पोरगीनं फोनमधे दावलं ते झकास हुतं. बोरिवलीवरनं दर खेपेला कोण येतंय? ते चालू ठेव. पण ज्यांना यायचंय ती हितं येतील. मी येणार. फोनमधे मिरचीचा ठसका येत न्हाई."

"आणि चिठ्ठी डब्याक चिकटव, फडक्याक नको," परबबाईंनी जोडलं. "येवढीच गोष्ट, तेच्यासाठी डंको इकतंस?"

मी बातमीदार म्हणून पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. ठराव, अनुमोदन, टाळ्या. इथे यातलं काहीच झालं नाही. काही बायका रविवारचा स्वयंपाक लवकर उरकून, दोन-दोन वाहनं बदलून एका रिकाम्या गाळ्यासमोर उन्हात उभ्या होत्या, एवढंच. पण ज्या गल्लीला महापालिकेच्या नकाशावर लवकरच नाव राहणार नाही, ती त्या दुपारी मुलुंडला उभी होती, हे मी पाहिलं आहे. आपल्या भागातून गेलेल्या एका बाईने ती जमवून ठेवली, हे आपल्या वाचकांना कळायला हवं म्हणून हा मजकूर.

"तर मग नक्की काय करायचा, बेन?" भानुभाईंनी विचारलं. त्यांच्या बोटात किल्ल्यांचा जुडगा होता.

सुलभाताईने पर्समधून फोन काढून भावोजींना लावला आणि स्पीकरवर टाकला, बहुधा आपला आवाज फुटला तर बाकीच्यांचा ऐकू जावा म्हणून.

"नाशिकवाल्याक नाय म्हणून सांगा," ती म्हणाली. "हय सगळी इली हत. बोरिवलीची पण."

बायका फोनभोवती सरकल्या. मग भावोजींचा आवाज आला, कोरडा, कामाचा.

"थय थ्री-फेज मीटर आसा काय? नायतर डंको उचलूचो नाय."

सुलभाताईने मान वर करून शटरच्या वरची पेटी पाहिली. भानुभाईंनी मान हलवली.

"आसा," ती म्हणाली.

"मगे वायरमनाक सांगतंय," भावोजी म्हणाले आणि फोन ठेवला.